कडी

बहिणीचा फोन आला की मी आधी महिना बघतो. जूनमध्ये तो वह्या-दप्तराचा असतो, श्रावणात राखीचा आणि मार्चमध्ये तिच्या अंगणवाडीच्या रजिस्टरांचा. नोव्हेंबरातला फोन कशाचा, ते मला कळेना. भाताची झोडणी चालू होती, तेव्हा माणसं मिळत नसतील आणि मला भारे उचलायला बोलवत असेल, असं वाटून मी लगेच कमरेत उसण भरल्याचं सांगून टाकलं.

"बसून लिहायला उसण आड येत नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे बालसभा आहे. इतिवृत्त लिहायला ये, दादा."

सरकारनं मुलांच्या हक्कांसाठी काय केलं, किती झालं नि किती राहिलं, हे मुलांनाच विचारायचं होतं. विचारायला माणसं भरपूर होती. लिहायला कुणी नव्हतं. मी पेपरात अधूनमधून लिहितो हे तिच्या सासरी माहीत आहे. काय लिहितो ते माहीत नाही, म्हणून थोडा मानही आहे. त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. भोर तालुक्यात आहे, आमच्या आंबवड्यापासून फार लांब नाही, आणि तिथं मला अजून जेवायला जायचं आहे.

बहीण अंगणवाडी सेविका, म्हणून आपोआप गावच्या बाल संरक्षण समितीची सदस्य सचिव. सरपंच अध्यक्ष. पोलीस पाटील, आशाताई, मुख्याध्यापक वगैरे मंडळी सदस्य, आणि त्यांच्यात दोन मुलं, एक मुलगा नि एक मुलगी. ही सगळी नावं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं रंगवली आहेत. पेंट चांगल्या कंपनीचा होता, त्यामुळे फलक टिकला, मुलं टिकली नाहीत. फलकावरचा बालप्रतिनिधी आता शिरवळच्या एमआयडीसीत कामाला जातो आणि मिशीला पीळ देतो. मुलगी प्रतिनिधी सासरी गेली (अठरा पूर्ण झाल्यावरच, बहिणीनं स्वतः दाखला बघितला होता) आणि दिवाळीला माहेरी आली तेव्हा तिच्या कडेवर पुढचा उमेदवार होता.

मी आदल्या दिवशी आंबवड्याला उतरलो. भोरहून दहा-बारा किलोमीटर. नागेश्वराचं देऊळ, ओढ्यावरचा संस्थानी झुलता पूल आणि आमचे आप्पा, या तिन्ही गोष्टी जुन्या असून अजून वापरात आहेत. पुलावर मध्यभागी उभं राहून कुणी पाय आपटला की अख्खा पूल हलतो. लहानपणी तो आमचा धंदाच होता. मुलांना खेळायचा नि विरंगुळ्याचा हक्क असतो हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हणून मार खायचो. आता ते संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं एकतिसावं कलम आहे.

आप्पांना बालसभेचं सांगितलं. ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "पोरांना काय इचारायचं असतं? आम्हाला कुणी इचारलं हुतं?"

"विचारलं असतं तर काय सांगितलं असतं?"

"साळंत जात न्हाई म्हणून सांगितलं असतं. म्हणूनच इचारलं न्हाई."

मुलांचं मत घेण्याविरुद्ध इतका रोखठोक युक्तिवाद मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेला नाही.

पण आमच्या खोऱ्यात मुलांच्या सभेची परंपराच नाही, असं कुणी म्हणू नये. वरच्या अंगाला कारी आणि त्याच्याही वर रायरेश्वर. शिवाजीराजांचा जन्म १६३० चा, आणि रायरेश्वरावरची शपथ परंपरेनं १६४५ ची सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येत अठरा वर्षांखालचं ते बालक. म्हणजे कागदोपत्री ती बालसभाच झाली. फरक इतकाच, की त्या सभेला प्रमुख पाहुणे नव्हते, कुणी शपथ आधी पाठ करून घेतली नव्हती, आणि मुलांनी जो ठराव केला तो त्यांनीच पार पाडला. कान्होजी जेध्यांची समाधी तर आमच्या आंबवड्यातच आहे. अफझलखानाच्या वेळी त्यांनी वतनावर पाणी सोडलं आणि आपल्या पाचही मुलांसह ते महाराजांच्या बाजूनं उभे राहिले. मुलांना आधी विचारलं होतं का, यावर कागद गप्प आहेत. आप्पांच्या मते विचारायची गरजच नव्हती, कारण तेव्हाची पोरं 'कशाला?' असं विचारत नसत.

सभा अकराची होती. म्हणजे मुलं दहाला बसवली आणि पाहुणे बाराला आले. शाळेच्या व्हरांड्यात फलक लावला होता. तो मुलांपेक्षा उंच आणि व्हरांड्यापेक्षा रुंद, त्यामुळे दोन्ही कडा खांबांवर दुमडल्या होत्या. 'बालहक्क'मधला 'बा' एका खांबामागं गेला होता नि दुसऱ्या टोकाचा 'सभा' दुसऱ्या खांबामागं. वारा सुटला की फलक फुगायचा आणि पहिल्या रांगेतली मुलं त्याखाली गडप व्हायची. वारा पडला की परत दिसायची. दीपप्रज्वलनाला सहा काड्या लागल्या. सातवी सरपंचबाईंनी पदराचा आडोसा करून ओढली, तेव्हा ज्योत टिकली. सभेत त्यांना तेवढंच काम मिळालं. पुढचं सगळं त्यांच्या मालकांनी केलं.

सभेचं पहिलं वाक्य गुरुजींचं होतं: "ए, गप्प बसा रे!"

मग सरपंचबाईंचे यजमान उठले. त्यांचं गावात नाव 'सरपंचसाहेब'च आहे. मुलांना बोलू द्यावं, त्यांच्या वतीनं मोठ्यांनीच बोलत राहू नये, या विषयावर ते पंचवीस मिनिटं बोलले. बाई शेजारी बसून हातातल्या नारळाची शेंडी सारखी करत होत्या. मध्ये एकदा त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं, तेव्हा साहेब म्हणाले, "थांब, तेच सांगतोय." आजची मुलं उद्याचे नागरिक आहेत, हे वाक्य तिघांनी म्हटलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर माझ्या भाचीनं शेजारणीच्या कानात विचारलं, "मग आज आपण कोण?" ती सातवीत आहे आणि तिचं कुजबुजणं व्हरांडाभर ऐकू जातं.

खरं तर तिनं विचारलं त्याचं उत्तर कागदावर आहे. २० नोव्हेंबर १९८९ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं बालहक्कांचा करार स्वीकारला. चोपन्न कलमं आहेत. ११ डिसेंबर १९९२ ला भारतानं तो मान्य केला. अमेरिकेनं अजून पक्का मान्य केलेला नाही, तेव्हा एका बाबतीत तरी माझी भाची न्यूयॉर्कच्या पोरीच्या पुढे आहे. त्यातल्या बाराव्या कलमात म्हटलं आहे की मुलाला आपलं मत मांडायचा हक्क आहे, आणि त्याचं वय नि समज पाहून त्या मताला योग्य ते वजन द्यावं. वजन ठेवल्याशिवाय कागद हलत नाही, हे तिकडेही माहीत होतं म्हणायचं.

वजन नसताना कागद हलल्याचं एकच उदाहरण मला आठवतं. २०२३ च्या डिसेंबरात तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस म्हणाले की हल्ली मुलं उशिरा झोपतात, शाळा सकाळी जरा उशिरा भरवा. दोन महिन्यांत शासन निर्णय निघाला की चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत. पोरं ही गोष्ट शाळा निघाल्यापासून रोज सकाळी पांघरुणातून ओरडून सांगत होती. त्यांना राज्यपाल व्हायला जमलं नव्हतं, इतकंच. पण असो, सभेकडे येतो.

मुलांचं मनोगत सुरू झालं. गुरुजींनी चिठ्ठ्या वाटून आठवडाभर पाठ करून घेतलं होतं. पहिला मुलगा म्हणाला, आम्हाला स्वच्छ व सुंदर परिसर मिळावा. दुसरी म्हणाली, आम्हाला सकस आहार मिळावा. तिसरीतल्या एका चिमुरड्याला 'आम्हाला ई-लर्निंगची सुविधा मिळावी' एवढंच म्हणायचं होतं. तो उभा राहिला, आढ्याकडे बघितलं, आवंढा गिळला आणि म्हणाला, "आम्हाला लर्निंग लायसन मिळावं." सगळ्यात जोरात पोलीस पाटील हसले. मुलगा रडकुंडीला आला. त्याला धीर द्यायला आशाताई म्हणाल्या, "अरे, चिठ्ठीतलं राहू दे, तुला काय पाहिजे ते सांग."

ही आशाताईंची चूक. त्यांनी खरंच विचारलं.

तो म्हणाला, "अंडं."

अंड्याचा इतिहास थोडा सांगायला हवा. शालेय पोषण आहारात २०२३ च्या नोव्हेंबरात सरकारनं आठवड्यातून एक अंडं मंजूर केलं. २०२४ च्या जूनमध्ये तीन संरचित आहार आला, म्हणजे भात, कडधान्य आणि गोड, अशी पंगतच. मग २०२५ च्या जानेवारीत अंड्याचे पैसे थांबले आणि हवं असेल तर लोकसहभागातून द्या, असं ठरलं. गावातल्या लोकांचा सहभाग मर्यादित निघाला आणि कोंबड्यांनी आपणहून पुढाकार घेतला नाही. तिसरीतल्या पोराला यातला एकही शासन निर्णय माहीत नव्हता. त्याला इतकंच कळलं होतं की एक वार असा होता, ज्या दिवशी तो पोट दुखतंय म्हणून घरी राहत नसे, आणि तो वार कुठंतरी गेला.

त्याच्या अंड्यानं बांध फुटला. एकानं सांगितलं की सकाळची एसटी घंटा झाल्यावर येते, आणि उशीर झाला म्हणून छडी मात्र त्याला बसते, ड्रायव्हरला नाही. दुसऱ्यानं शाळेमागच्या मळ्यातले आजोबा चेंडू परत देत नाहीत अशी तक्रार केली. आजवर अकरा चेंडू गेले होते, त्याच्याकडे यादी होती, रंगांसकट. एकीनं उभं राहून आपला गणवेश नुसता दाखवला. २०२४ साली साऱ्या राज्याला एकच गणवेश ठरला होता, फिकट निळा आणि गडद निळा, तो. कुठे वेळेवर पोचला नाही, कुठे पोचला तो मापात बसला नाही, आणि वर्षअखेर तो घ्यायचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं. तिच्या बाह्या बोटांच्या पुढे दोन इंच होत्या. ती म्हणाली, "आई म्हणती, दहावीपर्यंत होईल." शाळा सातवीपर्यंतच आहे.

मग चौथीतला एक जण म्हणाला, "मला आजी सारखी तंबाखू आणायला पाठवती. खेळ मोडतो."

सगळी सभा खुदकन हसली. मी इतिवृत्ताच्या निमित्तानं बालन्याय कायदा वाचून गेलो होतो. विद्वत्ता दाखवायची हौस वाईट. मी उठून सांगितलं की २०१५ च्या त्या कायद्याच्या सत्त्याहत्तराव्या कलमाप्रमाणे मुलाच्या हातात तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. हसू एकदम थांबलं. गावातला एकमेव वाणी मागच्या खांबाला टेकून उभा होता, तो हळूच वळून दुकानाकडे चालू लागला. पोलीस पाटलांनी तोंडातली चिमूट कुठे टाकावी याचा विचार केला आणि गिळली. चौथीतला तो मुलगा त्यांचाच नातू, हे मला बहिणीनं नंतर सांगितलं. मशेरी लावणाऱ्या दोन म्हाताऱ्या भिंतीकडे तोंड करून बसल्या त्या सभा संपेपर्यंत वळल्या नाहीत.

आता वातावरण जरा ताणलं होतं. साहेबांनी घड्याळ बघितलं. समारोपाला सुरुवात होणार, तेवढ्यात माझी भाची उठली. तिच्या चिठ्ठीत 'आम्हाला सुरक्षित वातावरण मिळावे' असं होतं. तिनं ती घडी करून ओंजळीत धरली आणि म्हणाली,

"पोरींच्या मुतारीला कडी न्हाई."

कुणीच काही बोललं नाही. ती पुढे म्हणाली, "एक आत जाती, दोघी बाहेर उभ्या ऱ्हात्यात. कुणी आलं की खोकायचं. मागल्या आठवड्यात एकीला खरंच खोकला झाला हुता."

मुली हसल्या. बायकांपैकी कुणी हसलं नाही. सरपंचबाईंनी नारळ खाली ठेवला आणि म्हणाल्या, "किती दिस झालं?" पूर्ण सभेत त्यांचं ते पहिलं वाक्य. "पाचवीत हुते तवापासून," भाची म्हणाली. साहेब म्हणाले, "बघतो आपण. सकारात्मक आहोत आपण." गुरुजी म्हणाले, स्वच्छतागृह चालू स्थितीत आहे, तसं दर वर्षी ऑनलाइन भरतो. ते खोटं नव्हतं. शिक्षणहक्क कायद्यात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं हवीत असं लिहिलं आहे, आणि वेगळी आहेत. फॉर्मात आहे की नाही, चालू की बंद, एवढंच विचारतात. दार आहे. दार लागतंही. उघडं राहू नये यासाठी लागणाऱ्या चार इंची लोखंडाला रकाना नाही.

"मग मी दहा-नऊ-आठला फोन लावू का?" भाचीनं विचारलं. हा नंबर शाळेच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत आहे. चाइल्डलाइन १९९६ साली मुंबईत सुरू झाली, संकटातल्या मुलांसाठी, आणि आजवर तिनं पुष्कळ पोरं वाचवली आहेत. पण भिंतीवर लिहिणं वेगळं आणि कुणी तो नंबर खरंच लावणं वेगळं. तीन मोठी माणसं एकदम म्हणाली, "नको, नको, नको!" आणि चहा आला.

चहा पिता पिता कडीचा निधी कुठून, यावर चर्चा झाली. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दहा टक्के हिस्सा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. पण तो यंदा शिलाई मशीनच्या प्रशिक्षणाला गेला होता. शाळेला संयुक्त अनुदान मिळतं, पण ते पटावर ठरतं आणि पट इतका की अनुदान खडूत संपतं. पटाचा विषय निघाला की आमच्याकडे आवाज आपोआप खाली येतो. शेजारच्या वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, पानशेतला समूह शाळा झाली, आणि वीसच्या आतल्या शाळांचं काय करायचं याची पत्रं २०२३ पासून फिरत आहेत. कुणी तरी हळूच म्हणालं, "शाळाच राहती का नाही ते बघा आधी, कडीचं काय घेऊन बसला." हे इतकं शहाणपणाचं वाटलं की सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

मग फोटो. मुलांना फलकापुढे तीन रांगांत उभं केलं. भाचीला हातात 'माझा हक्क, माझा आवाज' अशी पाटी दिली आणि सांगितलं, "तोंड मिटून हस."

संध्याकाळी बहिणीच्या ओट्यावर इतिवृत्त लिहायला बसलो. पहिलं वाक्य मी जसं घडलं तसं लिहिलं. बहिणीनं वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"दादा, असं नसतं लिहायचं. वरचे वाचतात."

"वाचतात?"

"न्हाई वाचत. पण लिहायचं वाचतील असंच."

तिनं मागच्या सभांची इतिवृत्तं पुढ्यात टाकली. ती भाषा शिकायला मला वीस मिनिटं लागली, आणि खोटं कशाला बोलू, मजा यायला लागली. अंडं हवं याचं झालं, 'प्रथिनयुक्त आहाराबाबत विद्यार्थ्यांनी जागरूकता दर्शविली.' एसटी उशिरा येते याचं झालं, 'सार्वजनिक वाहतूक सेवेबाबत समाधान व अपेक्षा व्यक्त करण्यात आल्या.' समाधान कुणी व्यक्त केलं, हे बहिणीनं विचारलं. मी म्हटलं, ड्रायव्हरनं. अकरा चेंडूंचं झालं, 'शाळा व शेतकरी यांच्यातील समन्वय वाढविण्याची गरज अधोरेखित झाली.' तंबाखूवर मी 'व्यसनमुक्तीबाबत पोलीस पाटील यांनी स्वतः पुढाकार घेतला' असं लिहिलं, जे अक्षरशः खरं होतं, त्यांनी गिळलीच होती. या ओघात कडी आली. मी पेन थांबवलं नाही. लिहिलं: 'विद्यार्थिनींच्या स्वच्छतागृहाच्या सुरक्षिततेविषयी सकारात्मक चर्चा झाली.'

भाची मागं उभी राहून वाचत होती. म्हणाली, "मामा, यात कडी कुठंय?"

"आहे गं. सुरक्षिततेत आली ती."

"आत आली का बाहेर?"

मी तिला अभ्यासाला बस म्हटलं.

त्या वाक्याचा पुढचा प्रवास मी मनातल्या मनात बराच केला आहे. गावातून तालुक्याला, तिथून जिल्हा परिषदेला, मग मंत्रालय, मग दिल्लीत महिला व बालविकास. प्रत्येक टप्प्यावर अशी शेकडो वाक्यं एकत्र येतात आणि त्यांचं एक होतं. माझ्या वाक्यातली 'चर्चा' तालुक्यात गळते, 'विद्यार्थिनी' पुण्यात 'लाभार्थी' होतात, दिल्लीला पोचेपर्यंत 'सकारात्मक' तेवढं उरतं. तिथून जिनिव्हा. करार मान्य केलेल्या देशानं ठरावीक काळानं प्रगतीचा अहवाल द्यायचा, आणि अठरा तज्ज्ञांची समिती समोर बसवून प्रश्न विचारते. भारतानं २०११ मध्ये तिसरा आणि चौथा अहवाल एकत्र दिला, जून २०१४ मध्ये त्यावर तोंडी झाली. तिसरी-चौथी एकत्र, हे वाचून मला गहिवरूनच आलं. आमच्या सगळ्या शाळा अशाच चालतात. एक खोली, एक गुरुजी, तिसरीला पाढे लिहायला सांगायचे आणि तेवढ्यात चौथीची कविता घ्यायची. जोडवर्ग म्हणतात त्याला. तिकडच्या तज्ज्ञांना हे कुणी समजावून सांगितलं होतं की नाही कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी आंबवड्यावरून परतताना आप्पांबरोबर शंकराजी नारायणांच्या समाधीपाशी टेकलो. भोरच्या सचिवांच्या घराण्याचे मूळ पुरुष. त्यांनी ताराबाईंशी इमानाची शपथ घेतली होती. १७०७ मध्ये शाहूराजे मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी बोलावणं धाडलं. इकडे दिलेला शब्द, तिकडे थोरला हक्कदार. दोन्हीकडून अडकलेल्या त्या माणसानं इथंच आंबवड्याला जीव दिला. आप्पांनी नेहमीप्रमाणे हात जोडले. मी त्यांना १९९२ ला मान्य केलेल्या बालहक्क कराराचं, चोपन्न कलमांचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सही कुणी केली हुती?"

"सरकारनं."

"मंग?"

"मग काही नाही. सरकार बरं आहे."

आप्पा म्हणाले, "त्येला सवय असती."

जानेवारीत परत जायचा योग आला. सव्वीस तारखेला झेंडावंदन, मग ग्रामसभा. ग्रामसेवकांना (हल्ली त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, नाव लांबलं, माणूस तेवढाच) दोन गावं असल्यानं ते दुसऱ्या गावच्या सभेत होते, आणि त्यांच्या जागी बहिणीनं मला बसवलं होतं. सभेआधी भाचीनं मला हाताला धरून शाळेमागं नेलं. मुतारीच्या दाराला कडी होती. जुनी, गंजलेली, जाड, तीन खिळ्यांवर बसवलेली. चौथा खिळा वाकलेला.

"कुठल्या निधीतून?" मी विचारलं.

ती काही बोलली नाही. नुसती हसली, या वेळी तोंड उघडून.

ग्रामसभेत पहिला विषय वाचायच्या आतच बहिणीच्या सासूबाई उठल्या. वय सत्तरच्या पुढे, आवाज पुलापलीकडे जाणारा. त्यांच्या शेरडांच्या गोठ्याची कडी पंधरा दिवसांपूर्वी कुणी तरी उपटून नेली होती. तेव्हापासून शेरडं रात्री सुटत होती. एकीनं शेजाऱ्याचा हरभरा खाल्ला होता, आणि एकीनं ओट्यावर वाळत ठेवलेल्या बहिणीच्या फायलीतली नोव्हेंबरच्या इतिवृत्ताची प्रत संपवली होती. माझं लिखाण इतकं मन लावून आजवर कुणी घेतलेलं नाही.

साहेब म्हणाले, "म्हातारे, बघतो आपण, सकारात्मक..."

"ते ऱ्हाऊ दे," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "पावणं, तुमी ल्ह्या."

मी पेन उघडलं. 'पशुधनाच्या' एवढं लिहून झालं होतं, तोवर मला मागं कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. सासूबाईंना वाचता येत नाही. म्हणून त्यांनी नातीला माझ्या खांद्यामागं आणून उभं केलं होतं.

"काय ल्ह्यलंय गं?"

"पशुधनाच्या," भाची म्हणाली.

"त्ये कोण?"

मी ते खोडलं. खाली नव्यानं लिहिलं. भाचीनं मोठ्यानं वाचलं, "शेरडांच्या गोठ्याला कडी नाही." थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, तिनं पुढंही एक वाक्य वाचलं, जे मी लिहिलेलंच नव्हतं. "पोरींच्या मुतारीला नवी कडी आणली की ही जुनी परत मिळेल."

सासूबाईंनी नातीकडे एकदा बघितलं, मग सरपंचबाईंकडे, मग माझ्याकडे.

"ते बी ल्ह्या," त्या म्हणाल्या. "आन खाली सही घ्या. मालकाची नको. बाईची."